सदाफुलीच्या पानात औषध घडते कसे? वनस्पतींच्या विकरांची सोप्या भाषेत ओळख

जून २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठातील एलिझाबेथ सॅटली यांच्या गटाचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षात टॅक्सॉल हे कर्करोगावरील औषध तयार होते. ते घडवणाऱ्या साखळीतली तोवर न सापडलेली आठ जनुके या गटाने शोधली आणि टॅक्सॉलच्या थोडा अलीकडचा, बॅकॅटिन-३ नावाचा रेणू तंबाखूच्या जवळच्या एका रोपाच्या पानात तयार करून दाखवला. अशा बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार येतात. कधी अफूतील रसायन यीस्टने बनवल्याचे वाचायला मिळते, तर कधी मलेरियावरील औषध टाकीत तयार झाल्याचे. जनुके, विकरे, यीस्ट या शब्दांच्या गर्दीत मूळ प्रश्न मात्र बाजूला राहतो. झाड औषध बनवते म्हणजे नेमके काय करते, आणि ते आपल्याला समजल्याने रुग्णाच्या हाती काय पडणार आहे? या लेखात त्याचे उत्तर मुख्यतः सदाफुलीच्या आधाराने शोधले आहे, कारण औषधी वनस्पतींपैकी इतका बारकाईने अभ्यास फार थोड्यांचा झाला आहे.

## विकर म्हणजे काय?

प्रत्येक जिवंत पेशीत रासायनिक बदल अखंड चालू असतात. त्यांपैकी बहुतेक बदल आपोआप होऊ द्यायचे म्हटले, तर ते इतके रेंगाळतील की जगणेच अशक्य होईल. या बदलांना वेग देणारी प्रथिने म्हणजे विकरे. एन्झाइम हे त्यांचेच दुसरे नाव. अमिनो आम्लांची लांबलचक साखळी विशिष्ट रीतीने दुमडली जाऊन विकर तयार होते आणि त्या घड्यांमध्ये एक लहानशी पोकळी राहते. ठरावीक घडणीचा रेणूच त्या पोकळीत नीट बसतो. तिथे त्याचा एखादा बंध तुटतो किंवा नवा जुळतो, बदललेला रेणू बाहेर पडतो आणि विकर पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. या सगळ्यात ते स्वतः खर्ची पडत नाही. कोणते विकर कसे बनवायचे, ही माहिती जनुकात लिहिलेली असते.

एकच विकर क्वचितच औषध तयार करते. दागिने घडवणाऱ्या कारखान्यात एक कारागीर तार ओढतो, दुसरा सांधे जोडतो, तिसरा खडे बसवतो आणि चौथा झिलई देतो. प्रत्येकाला आपले एकच काम येते आणि आधीच्या कारागिराकडून आलेल्या जिनसेवरच तो ते करू शकतो. वनस्पतीच्या पेशीतही साधा, सहज मिळणारा रेणू एका विकराकडून दुसऱ्याकडे जात जात गुंतागुंतीचा होत जातो. ही तुलना पुढेही उपयोगी पडेल, कारण मधला एक कारागीर रजेवर गेला की त्याच्या आधीच्या टेबलावर अर्धवट जिनसांचा ढीग साचतो, आणि विकरांच्या बाबतीतही अगदी तसेच घडते.

## झाड हा खटाटोप कशासाठी करते?

झाडाला पळून जाता येत नाही. कीड, बुरशी आणि चरणारे प्राणी यांच्याशी त्याला जागेवरूनच सामना करावा लागतो, आणि त्याचे शस्त्र म्हणजे रसायने. सदाफुलीच्या पेशीतली व्यवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिथे स्ट्रिक्टोसिडीन नावाचा रेणू रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीत, साठवलेला असतो. त्याला जोडलेला साखरेचा तुकडा तोडणारे विकर मात्र पेशीकेंद्रकात वेगळे ठेवलेले असते. अळीने पान चावले की पेशी फाटते, दोघे एकत्र येतात, साखर सुटते आणि उरलेला अतिशय क्रियाशील रेणू आसपासच्या प्रथिनांना चिकटून त्यांना निकामी करतो. पान शाबूत असेपर्यंत यातले काहीच घडत नाही.

सदाफुलीतली व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे याच रासायनिक साठ्यातून येतात. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म तंतू ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. ही औषधे ट्युब्युलिनला चिकटतात, तंतू उभे राहत नाहीत आणि विभाजन अडते. वेगाने विभागणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना त्याचा फटका अधिक बसतो. ट्युब्युलिन कीटकात, प्राण्यांत आणि माणसात बरेच सारखे असते. म्हणूनच झाडाने स्वतःच्या बचावासाठी घडवलेला रेणू माणसाच्या शरीरातही काम करतो.

## एका पानातले सुमारे तीस टप्पे

साखळीची सुरुवात दोन साध्या रेणूंपासून होते. एक म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, जे प्रथिने बनवण्यासाठी सगळेच सजीव वापरतात. दुसरा जेरॅनिऑल, ज्याचा गुलाबाच्या सुगंधात वाटा असतो. पहिल्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की ट्रिप्टामाइन मिळते. दुसऱ्यावर एकामागून एक अनेक विकरे काम करतात आणि सेकोलोगॅनिन तयार होते. मग स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज नावाचे विकर या दोघांना जोडते आणि स्ट्रिक्टोसिडीन बनते.

या रेणूपाशी थोडे थांबायला हवे. निरनिराळ्या वनस्पतींमधली सुमारे ३,००० रसायने स्ट्रिक्टोसिडीनपासून निघतात. सिंकोना वृक्षाच्या सालीतले क्विनाइन, सर्पगंधेतले रेसर्पिन आणि कुचल्याच्या बियांतले जहाल विष स्ट्रिक्निन या सगळ्यांचा उगम इथेच आहे. आरंभ एकच असूनही एका झाडात ताप उतरवणारे औषध आणि दुसऱ्यात प्राणघातक विष तयार होते, कारण पुढे कामाला लागणारी विकरे वेगळी असतात.

सदाफुलीतही असाच एक फाटा फुटतो. साखळीच्या मध्याच्या पुढे एक अस्थिर, फार काळ न टिकणारा रेणू तयार होतो. त्याच रेणूला एक विकर एका प्रकारे दुमडते आणि कॅथरॅन्थिन मिळते. दुसरे विकर वेगळ्या प्रकारे दुमडते आणि टॅबरसोनिन मिळते. टॅबरसोनिनवर आणखी सात विकरांचे हात फिरले की व्हिन्डोलिन तयार होते. शेवटी कॅथरॅन्थिन आणि व्हिन्डोलिन जोडले जाऊन व्हिन्ब्लास्टिन बनते. व्हिन्क्रिस्टिन त्याच्यापासून फारसे दूर नाही. व्हिन्ब्लास्टिनमध्ये एका नायट्रोजनवर जिथे मिथाइल नावाचा अणूंचा छोटा गट असतो, तिथे व्हिन्क्रिस्टिनमध्ये फॉर्माइल नावाचा दुसरा छोटा गट असतो. तेवढ्या फरकाने व्हिन्ब्लास्टिनचा मुख्य त्रास अस्थिमज्जेला होतो, तर व्हिन्क्रिस्टिनचा मज्जातंतूंना. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही उपचाराचा कणा आहे.

हे सगळे एकाच पेशीत होत नाही, हे मला यातले सर्वांत थक्क करणारे वाटते. पहिले टप्पे पानाच्या शिरांलगतच्या पेशींत होतात, मधले बाह्यत्वचेच्या पेशींत, आणि अखेरचे टप्पे पानात विखुरलेल्या काही वेगळ्या पेशींत. अर्धवट घडलेले रेणू पेशीतून पेशीत पोहोचवावे लागतात आणि त्यासाठी वाहक प्रथिने असतात. एवढ्या प्रवासानंतर हाती येते ते फारच थोडे: एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात.

## विकरे शोधतात कशी?

जिवाणूंमध्ये एका रसायनाची जनुके बहुधा गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात. एक सापडले की बाकीची जवळच मिळतात. वनस्पतींमध्ये ती बरेचदा दूरदूर पसरलेली असतात, आणि हजारो जनुकांमधून नेमकी तीस वेचायची असतात. म्हणूनच सदाफुलीच्या साखळीतले मधले महत्त्वाचे दुवे २०१८ मध्ये, इंग्लंडमधील जॉन इन्स सेंटरमध्ये सारा ओ'कॉनर यांच्या गटाने शोधले, तोपर्यंत औषध वापरात येऊन अर्धशतक उलटले होते.

शोधाचे मुख्य सूत्र सोपे आहे. एकाच कामावरची जनुके साधारणपणे एकाच वेळी आणि एकाच ठिकाणी सक्रिय होतात. त्यामुळे ओळखीची जनुके जेव्हा सक्रिय असतात, तेव्हा त्यांच्या सोबतीने आणखी कोणती सक्रिय होतात हे पाहायचे. सॅटली यांच्या गटाने २०१५ मध्ये मेअॅपल या वनस्पतीवर हेच केले. एटोपोसाइड या कर्करोगावरील औषधाचा आधार असलेले पोडोफायलोटॉक्सिन तिच्यात असते. पानांना जखम केली की या रसायनाची साखळी वेग घेते, हे लक्षात आल्यावर त्यांनी जखमेनंतर कोणती जनुके जागी झाली ते तपासले आणि त्यांतून सहा नवी विकरे शोधून काढली.

संशयित जनुक हातात आले की त्याची परीक्षा दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात मूळ झाडातच ते जनुक गप्प करतात आणि कोणता रेणू साचतो ते पाहतात. कारागीर रजेवर गेल्यावर ज्या टेबलावर ढीग लागला, त्याच्या पुढचेच टेबल त्याचे. दुसऱ्या प्रकारात ते जनुक तंबाखूच्या जवळच्या निकोटियाना बेन्थामियाना या रोपात घालतात. जनुक वाहून नेणारे जिवाणू पाण्यात मिसळतात आणि सुई काढलेली सिरिंज पानाच्या खालच्या बाजूला टेकवून हलकेच दाब देतात. पाणी पानाच्या आत पसरू लागते तसा गडद, ओलसर डाग वाढत जाताना डोळ्यांना दिसतो. काही दिवसांनी तोच भाग कापून, वाटून, त्यात कोणते रेणू आहेत हे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर तपासतात. अनेक जनुके वाहून नेणारे वेगवेगळे जिवाणू एकत्र मिसळले की अख्खी साखळी एका पानात उभी करता येते.

टॅक्सॉलच्या बाबतीत या पद्धतीलाही बराच काळ यश येत नव्हते. पहिल्या विकराने रेणूचा सांगाडा बनवला, की दुसऱ्याने त्यावर ऑक्सिजन चढवायचा असतो. प्रयोगात मात्र हव्या त्या रेणूऐवजी भलतेच उपपदार्थ तयार होत. २०२५ च्या संशोधनात फोटो-१ (FoTO1) असे नाव दिलेले एक साहाय्यक प्रथिन सापडले. ते ज्ञात विकरांच्या कुळातले नाही, पण ते सोबत असले की पहिली ऑक्सिजन चढवण्याची पायरी योग्य मार्गाने होते. विकरांची यादी पूर्ण झाली म्हणजे साखळी समजली, हे गृहीत धरता येत नाही, ते असे.

## यीस्टच्या पेशीत झाडाची साखळी

पानातली साखळी समजली की ती टाकीत वाढणाऱ्या यीस्टमध्ये बसवण्याचा प्रयत्न होतो. यीस्ट साखरेवर वाढते, ऋतूवर अवलंबून नसते आणि त्याची जनुके बदलण्याची तंत्रे जुनी व भरवशाची आहेत. २०२२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जे (Jay) कीसलिंग यांच्या नेतृत्वाखालील गटाने सदाफुलीची तीस टप्प्यांची साखळी यीस्टमध्ये उभी केली. त्यासाठी यीस्टच्या जनुकसंचात ५६ बदल करावे लागले आणि त्यांपैकी ३४ जनुके वनस्पतींकडून घेतलेली होती. यीस्टने कॅथरॅन्थिन आणि व्हिन्डोलिन बनवले. दोघांना जोडण्याची अखेरची पायरी मात्र यीस्टबाहेर, रासायनिक प्रक्रियेने पार पडली.

इथे अडचणीही बऱ्याच असतात. रेणूवर ऑक्सिजन चढवणारी पी-४५० कुळातली विकरे पेशीतल्या पटलाला चिकटून राहतात आणि त्यांना इलेक्ट्रॉन पुरवणारे दुसरे प्रथिन लागते. परक्या पेशीत हा जोड जुळवणे जिकिरीचे असते. अर्धवट रेणूंवर यीस्टची स्वतःची विकरेही हात मारतात आणि माल वाया जातो. वर सांगितलेल्या प्रयोगात मिळालेले प्रमाण लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागेल इतके कमी होते. साखळी यीस्टमध्ये चालते, हे त्यातून सिद्ध झाले. औषध पुरवण्याइतके उत्पादन ही त्यापुढची बरीच लांबची मजल आहे.

## 'रसायनशास्त्रज्ञ हे रेणू थेट का बनवत नाहीत?'

बनवतात, आणि काही रेणूंसाठी तोच उत्तम मार्ग आहे. पण गुंतागुंत वाढली की खर्च वाढतो आणि हाती येणारे प्रमाण घटते. टॅक्सॉलचे संपूर्ण रासायनिक संश्लेषण १९९४ मध्ये दोन गटांनी, रॉबर्ट होल्टन आणि के. सी. निकोलाऊ यांच्या नेतृत्वाखाली, साध्य केले. ते मोठेच यश होते, तरी औषध त्या मार्गाने बनू लागले नाही. अडचण अशी की, असे रेणू आणि त्यांची आरशातली प्रतिमा यांत घटक व बंध सारखेच असतात, पण शरीरात दोघांचे परिणाम वेगळे होऊ शकतात. प्रत्येक टप्प्यावर नेमके एकच रूप मिळवणे रसायनशाळेत कष्टाचे असते. विकराच्या पोकळीत मात्र रेणू एकाच बाजूने बसतो, त्यामुळे बहुधा योग्य रूपच बाहेर येते, आणि तेही पाण्यात, साध्या तापमानाला.

टॅक्सॉलची वाट शेवटी मधूनच गेली. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा ते पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून मिळत असे, आणि साल काढली की झाड मरते. पुढे युरोपीय यूच्या सुयांसारख्या पानांतून बॅकॅटिनच्या जवळचा रेणू काढून रासायनिक रीतीने टॅक्सॉल पुरे करता येऊ लागले. पाने पुन्हा येतात, झाड जगते. शिवाय यूच्या पेशी टाकीत वाढवूनही ते मिळवले जाते. झाड, रसायनशास्त्र आणि टाकी यांची अशी सांगड मला शुद्ध एकाच मार्गाच्या हट्टापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.

## 'औषध पानातच आहे, तर पानेच का खाऊ नयेत?'

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट असायला हवे: सदाफुलीची पाने किंवा काढा औषध म्हणून घेऊ नये. तिच्या पानात शंभरहून अधिक अल्कलॉइडे, म्हणजे नायट्रोजन असलेली वनस्पतिज रसायने, असतात, त्यांचे प्रमाण झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलते, आणि त्यांपैकी काही विषारी आहेत. व्हिन्क्रिस्टिन रुग्णालयात शिरेतूनच आणि काटेकोर मात्रेत दिले जाते. मात्रा चुकली तर ते जिवावर बेतते.

या औषधांचा शोधच त्याची साक्ष देतो. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे जमैकातून आलेल्या सदाफुलीच्या पानांचा अभ्यास करत होते, कारण तिथे मधुमेहावर त्यांचा काढा घेतला जाई. तोंडावाटे अर्क दिलेल्या उंदरांची साखर उतरली नाही. अर्क टोचलेल्या उंदरांच्या मात्र पांढऱ्या पेशी घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. पांढऱ्या पेशी घटवणारा घटक पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर उपयोगी पडेल, या विचारातून पुढचे संशोधन झाले.

## 'यीस्टने बनवले म्हणजे औषध स्वस्त होईल?'

आर्टेमिसिनिनचा अनुभव यावर बरेच काही सांगतो. चीनमध्ये तू यूयू यांनी ज्या वनस्पतीतून मलेरियावरील हे औषध शोधले, त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. त्याच वनस्पतीची विकरे यीस्टमध्ये घालून कीसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्टेमिसिनिक आम्ल, म्हणजे ज्यापासून पुढे आर्टेमिसिनिन करता येते तो रेणू, बनवले. २०१३ मध्ये लिटरमागे २५ ग्रॅम इतके, म्हणजे कारखान्याला परवडेल असे उत्पादन त्यांनी जाहीर केले आणि सानोफी कंपनीने इटलीत ते सुरूही केले. मात्र शेतात पिकणाऱ्या आर्टेमिसिनिनचा भाव उतरला, यीस्टचा माल स्पर्धेत टिकेना आणि काही वर्षांतच तो कारखाना दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला. विज्ञान पूर्ण यशस्वी झाले, पण बाजाराचा हिशेब वेगळा निघाला.

तुटवड्याचे कारणही नेहमी झाडात नसते. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन मिळेनासे झाले आणि मुलांचे उपचार टांगणीला लागले, ते दोनपैकी एका उत्पादकाने माघार घेतल्यावर दुसऱ्याला मागणी पुरवता न आल्यामुळे. असे अत्यावश्यक, जुने आणि कमी नफ्याचे औषध एक-दोन कारखान्यांच्या भरवशावर सोडणे घातक आहे, आणि त्यावरचा उपाय प्रयोगशाळेपेक्षा खरेदी व नियोजनाच्या धोरणात शोधावा लागेल. विकरांच्या ज्ञानाने उत्पादनाची आणखी एक वाट खुली होते. तिच्यावर चालण्यासाठी कोणीतरी पैसा घालावा लागतो.

## 'हे तंत्र चुकीच्या हाती पडले तर?'

२०१५ मध्ये स्टॅनफर्डमधील क्रिस्टिना स्मोल्के यांच्या गटाने यीस्टमध्ये वीसहून अधिक जनुके घालून अफूतील थिबाइन आणि त्यापासून बनणारे हायड्रोकोडोन हे वेदनाशामक बनवले, तेव्हा घरोघरी मादक द्रव्ये तयार होतील अशी भीती व्यक्त झाली. संशोधकांच्याच हिशेबाने ते उत्पादन उपयोगी ठरण्यासाठी सुमारे एक लाख पटीने वाढायला हवे होते. तरीही अशा यीस्टवर आणि मागवल्या जाणाऱ्या जनुकांवर देखरेख हवी, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

## ज्या देशांची झाडे, त्यांना काय?

सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यापासून औषधे बनली तेव्हा मूळ देशाला वाटा देण्याचा कोणताही आंतरराष्ट्रीय नियम नव्हता. १९९२ च्या जैवविविधता कराराने आणि २०१० च्या नागोया प्रोटोकॉलने झाड किंवा त्याचा नमुना नेणाऱ्यावर संमती घेण्याचे व लाभ वाटून घेण्याचे बंधन आणले. विकरांच्या संशोधनाने मात्र नवी पळवाट उघडली, कारण आता पान न्यावेच लागत नाही. जनुकाची अक्षरे संगणकावर उपलब्ध असली की कुठेही ते जनुक रासायनिक रीतीने बनवून यीस्टमध्ये घालता येते.

२०२४ मध्ये कोलंबियातील काली शहरात झालेल्या जैवविविधता कराराच्या परिषदेत यावर तोडगा म्हणून एक निधी उभारण्याचे ठरले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुरू झाला. अशा जनुकीय माहितीतून लाभ मिळवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का त्यात भरावा, आणि त्यातला किमान अर्धा भाग आदिवासी व स्थानिक समूहांपर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा आहे. हे पैसे भरणे कंपन्यांसाठी ऐच्छिक आहे. ते ऐच्छिक राहील तोवर मादागास्करसारख्या देशांना या निधीतून किती मिळणार, हे सर्वस्वी कंपन्यांच्या मर्जीवर राहणार आहे, आणि म्हणूनच ही तरतूद बंधनकारक व्हायला हवी, असे माझे मत आहे.